मॅनेजरच्या गळ्यातला स्कोअर

मी चिडका माणूस आहे, हे अख्ख्या अकोल्याला ठाऊक आहे. शाळेत ड्रिल मास्तर होतो आणि बास्केटबॉलच्या सामन्यांना बारा वर्षं स्कोअरर. माझ्या कागदावर कुणी बोट ठेवलेलं मला आजही खपत नाही. ते एकदाच ठेवलं गेलं, आणि तेही एका फुलं विकणाऱ्या बाईनं. मनकर्णाबाई तिचं नाव.

जुन्या शहरात तिचं घर, गावाबाहेर दीड एकराचा फुलांचा मळा. संध्याकाळी ती आमच्या मैदानाच्या कुंपणाशी फडकं अंथरून बसायची. पाहुण्यांचे हार तिच्याकडूनच यायचे. नवरा भगवंतराव एके काळी आमच्याच संघात खेळायचा. सत्तावन्न साली त्याचा गुडघा गेला आणि तो खाटेला लागला. खेळ सुटला, पण वेड काही सुटलं नाही. बायकोचं पाऊल उंबऱ्यात पडलं की विचारायचा, "कोनं किती टाकले?"

तिला अक्षर ओळखू यायचं नाही. म्हणून सामना चालू असताना ती एक जादा सर ओवायची. धाकटा दीर चंद्रभान आमच्या संघात होता, त्याचा झेंडू. खुशालरावाची पांढरी शेवंती. आमच्या बाकी पोरांची गुलाबी फुलं, आणि समोरच्या संघाला नुसत्या मरव्याच्या काड्या. बास्केट झाली की दोन, फ्री थ्रो आत गेला की एक. घरी भगवंतराव ती सर हातात घेऊन, एकेक फूल सरकवत अख्खा सामना बघायचा. मला हे कुणीतरी सांगितलं तेव्हा मी पोट धरधरून हसलो होतो. आता कशाला खोटं बोलू!

एकसष्टच्या जानेवारीत अमरावतीच्या संघाशी आमचा अंतिम सामना होता. बघायला एका कापड गिरणीचा मॅनेजर आला होता. त्याला गिरणीचा संघ उभा करायचा होता. अकोल्याकडून आज ज्याचे गुण सगळ्यांत जास्त, त्याला सोमवारपासून कायमची नोकरी, असं त्यानं आधीच जाहीर करून टाकलं होतं. चंद्रभान तेव्हा चोवीस वर्षांचा. मळ्याला पाणी द्यायचं आणि अकोटच्या बाजारात फुलं न्यायची, एवढंच त्याचं जग. घरात खाणारी तोंडं सहा. मनकर्णाबाईनं त्या दिवशी देवीला नवस बोलून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. हे मला फार मागाहून कळलं.

सामना आम्ही जिंकलो. माझ्या कागदावर चंद्रभान सोळा, खुशालराव पंधरा. इकडे आमचे सेक्रेटरी उत्तमराव घामाघूम, कारण एक हार कमी पडला होता आणि तोही नेमका मॅनेजरसाहेबांचा. त्यांनी मनकर्णाबाईच्या मांडीवरची सर उचलली, गाठ मारली आणि साहेबांच्या गळ्यात घातली.

"अजी, तो हार नाई!" ती ओरडली. पण टाळ्यांमध्ये कोण ऐकतो?

मी आकडे वाचून दाखवले. पोरांनी चंद्रभानला खांद्यावर घेतलं. तेवढ्यात बाई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मास्तर, तुमी चुकले. चंद्रभानचे चौदाच होतात. खुशालरावचे सतरा."

माझं डोकं सणकलं. "बाई, तुमी आपले फुलं ओवा. हे शिकलेल्या मानसाचं काम हाय."

"असन बाप्पा. पन शेवटून दुसऱ्या बास्केटीले दोघंय संगच उडाले. बॉलले हात खुशालरावचा लागला. तुमी चंद्रभानच्या नावानं लिवलं."

"पुरावा काय?"

तिनं सरळ मॅनेजरच्या गळ्याकडे बोट केलं.

साहेबांनी हसत हार काढून टेबलावर ठेवला. मी मोजायला बसलो. झेंडू चौदा. पुन्हा मोजले, चौदाच. शेवंती सतरा. संघाची बेरीज मात्र माझ्याशी तंतोतंत जुळत होती. मी खुशालरावला हाक मारली. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला, "हात माहाच होता. पन मास्तरनं लिवलं, म्हनून बोललो नाई."

चंद्रभान पोरांच्या खांद्यावरून खाली उतरला, कुणाकडे न बघता निघून गेला. हात कुणाचा होता, हे त्यालाही ठाऊक होतं. मी सोळा खोडून चौदा लिहिले. मला माझीच लाज वाटली. सोमवारी खुशालराव गिरणीत लागला.

वर्षभर चंद्रभान भावजयीशी एक शब्द बोलला नाही. तिनं वाढायचं, त्यानं मान खाली घालून जेवायचं. गल्लीतल्या बायका तिच्यादेखत म्हणायच्या, घरचाच मानूस बुडवला हिनं. एकदा मला राहवलं नाही. मी विचारलं, "बाई, काहून बोलल्या तुमी? कोनाले कळलं असतं?"

"त्यायले कळलं असतं ना. घरी फुलं मोजतेत ते. दोन फुलं खोटे ओवले असते, तं मंग माह्या कोनत्याच सरीवर त्यायनं इश्वास काहून ठेवावा? त्या खाटेवर दुसरं हाय काय त्यायले?" तिनं सुईत दोरा ओवला. "लय रडले मी, मास्तर. नोकरी मले नोको होती काय?"

बासष्ट सालीही अंतिम सामना अमरावतीशीच लागला. गिरणीला आणखी एक खेळाडू हवा होता, अट तीच. सामना सुरू व्हायच्या आधी चंद्रभान कुंपणाशी आला. हातात ओंजळभर लाल गुलाब. ते त्यानं तिच्या फडक्यावर ठेवले.

"वयनी, यंदा माह्यं फूल गुलाबाचं घे. दुरूनही दिसते."

तिचे डोळे भरून आले, पण आवाज नेहमीचाच. "पयले टाक तं खरं. फुकटचा गुलाब नाई ओवत मी."

मी माझं टेबल उचललं आणि तिच्या फडक्याशेजारी नेऊन मांडलं. सामना संपल्यावर मॅनेजरनं मला विचारलं, चंद्रभानचे किती? मी म्हटलं, थांबा साहेब. कागद बाजूला ठेवला आणि आधी तिच्या सरीतले गुलाब मोजले. बावीस होते, आमच्यात सगळ्यांत जास्त.