लाल फुलीखालचा चुना

युद्धाच्या दिवसांत अधारतालहून खमरियाच्या कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ब्लॅकआउट असे. सायकलवाल्यांना अंधारात झाडं दिसावीत म्हणून एक म्हातारा बुंध्यांना चुन्याचे पट्टे मारायचा. पट्टा मारला की मागे सरायचा, सायकलवर बसल्यासारखा वाकायचा आणि डोळे बारीक करून बघायचा. मनासारखा नसला की पुन्हा कुंचला.

कारखान्याच्या ट्रकना रस्ता पुरेना, म्हणून तो रुंद करायचं ठरलं. तोडायच्या झाडांवर लाल फुल्या पडल्या. दुसऱ्या सकाळी कामावर जाताना बघतो तर हा म्हातारा त्या फुल्यांखालीच चुना लावून राहिलेला! मी सायकल थांबवली.

"भैया, ये तो कटनेवाले हैं. काहे को पोत रहे हो?"

"जब कटेंगे तब कटेंगे, बाबूजी. आज तो आप इसी रस्ते लौटोगे न? घर में कोई राह देखता होगा."

"हां," मी म्हणालो.

अधारतालच्या खोलीला मी स्वतःच कुलूप लावून आलो होतो.

त्या संध्याकाळी कारखाना सुटल्यावर बाकीचे घाईने पुढे गेले. मी एकेक पट्टा बघत हळू आलो. शेवटच्या झाडापाशी सायकलवरून उतरलो. त्या झाडाच्या पुढे माझी काळजी करणारं कुणी नव्हतं.