शिवू नको

बाईसाहेबांनी ब्लाउज सांडशीनं उचलला. स्वयंपाकघरातली, गरम पातेलं उतरवायची सांडशी. मोलकरणीला हाक मारून मागवली, माझ्यासमोर.

त्यांच्या लेकीच्या हळदीचा पिवळा ब्लाउज. बाहीवरचे मोती मी हातानं लावले होते. आत अस्तरावर रक्ताचा ठिपका पडला होता. मीच दाखवला. म्हणाले, "बोटाला सुई लागली, मला कळलंच न्हाई. अस्तर बदलून देते."

"तुझं रक्त? कॅन्सरचं?"

ब्लाउज अंगणात नेला, काडी ओढली. पातळ कापड, लगेच पेटलं. पोरगी दारात उभी होती. तिचा पहिला फ्रॉक मी शिवलेला. ती मोबाईलमध्ये बघत राहिली.

बाईसाहेब म्हणाल्या, "आता आमच्या घरचं शिवू नको."

मला आधी कळेना. कापड शिवू नको म्हणायल्यात, की घरातल्या माणसांना शिवू नको? मग कळलं. दोन्ही.

जिंतूरला आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत माझं मशीन. आम्ही बौद्ध. बाईसाहेबांची कापसाची जिनिंग, त्यांच्या घरात माझ्या सासूला ओसरीवरसुद्धा चढू दिलं नाही कधी. मला आत घेतलं, कारण माप घ्यायचं तर अंगाला हात लावावाच लागतो. ब्लाउज फिट बसला पाहिजे, तेवढ्यापुरती जात बाजूला. माझा नवरा त्यांच्याच जिनिंगवर हमाल. म्हणून मी मान खाली घालून मापं घेत राहिले.

मग छातीत गाठ निघाली. नांदेडला ऑपरेशन झालं, डावी बाजू काढून टाकली. त्यानंतर केमो. एसटीनं परत येताना पिशवी तोंडाशी धरून बसायचं. तोंड आतून सोललेलं, वरणाचं पाणीसुद्धा झोंबायचं. शेजारी फोडणी पडली की इकडं मी दार लावून घ्यायचे. केस आधी उशीवर दिसले, मग हात फिरवला की झुबक्यानं निघायला लागले. भुवया गेल्या. नखं काळी पडली. हे सगळं मी सोसलं. पण बोटं बधिर झाली तेव्हा मात्र रडले. दोरा चिमटीत आहे का नाही, ते बघितल्याशिवाय कळायचं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषधानं होतं असं. हळूहळू कमी होईल. काहींचं थोडं राहतं." माझं पोट त्या बोटांवर. दुसऱ्या बायकांच्या छातीची मापं घ्यायची, आणि स्वतःच्या ब्लाउजात कापडाचा बोळा भरायचा.

ब्लाउज जाळला त्या दिवशी मी तशीच निघाले. घरी आले, मशीनवर झाकण घातलं. वाटलं, खरंच आपल्यात काही घाण असेल का?

पुढच्या केमोला शेजारच्या खाटेवर राणीसावरगावच्या एक आजी होत्या. बागायतदाराच्या घरच्या. डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "सुनेनं माझं ताट वेगळं केलंय गं. लांबूनच वाढायली."

मी विचारलं, "आजी, तुमच्या सालगड्याचं ताट कुठं असतं?"

आजींनी तोंड भिंतीकडं केलं. हातात सलाईन, त्या तिकडं, मी इकडं. तिथं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घाण माझ्यात नव्हती. कधीच नव्हती. माझ्या सासूतही नव्हती.

लग्न जवळ आलं तशा बाईसाहेब स्वतः माझ्या दारात आल्या. दुसऱ्या टेलरनं शिवलेला शालूवरचा ब्लाउज काखेत ओढत होता, पोरगी रडायली म्हणाल्या. आत आल्या नाहीत. रस्त्यावरूनच बोलल्या.

"झालं गेलं इसर. उद्या मापाला ये. मागच्या दारानं ये, अन् डोस्कं झाकून. पाहुणे हायेत. तू शिवलंस म्हणून कुणाला सांगू नको."

"मी न्हाई येणार."

"नवरा कुणाकडं हाय तुझा, ध्यानात हाय ना?"

मी डोक्यावरचा स्कार्फ सोडला. गल्लीतले लोक थांबून बघायलेत. बघू दे. म्हणाले, "ध्यानात हाय. काढायचं तर काढून टाका त्याला. पर तुमच्या घरचं मी आता शिवणार न्हाई. कापडबी न्हाई, माणूसबी न्हाई."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला जिनिंगच्या फाटकावरूनच परत पाठवलं. घरी येऊन तो ओरडला, "एक ब्लाउज शिवला असतास तर काय मेली असतीस का?"

"हो," मी म्हणाले.

तो आता मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलतो. माझ्याशी धड बोलत नाही. नसू दे बोलत.

केमो चालूच आहे. बोटं अजून बधिर. टाका बघून बघून घालते, काम हळू होतं. स्कार्फ बांधत नाही. नवीन गिऱ्हाईक आलं की आधीच सांगते, मला कॅन्सर आहे, आम्ही बौद्ध आहोत, आत या, बसा. चहा ठेवते. तो घेतला की मगच टेप हातात धरते. हा माझा नियम. उपाशी राहीन, पण मोडणार नाही.

काल एक बाई आली. भारी कापड, मोठं घर. कप पुढं केला तर म्हणाली, "नको, उपास हाय आज."

उपासाला चहा चालतो, हे मलाही माहीत आहे. मी तिचं कापड घडी करून तिच्या हातात दिलं.