खंडेनवमीचं कुंकू

लढाईहून परतलेल्या माझ्या शेजाऱ्याने लष्करी लिलावातून पेट्रोलवर चालणारी, दातेरी साखळीची करवत आणली होती. इस्लामपूरच्या आसपास तशी दुसरी नाही, हे तो चारचौघांत आवर्जून सांगायचा. पावसाळ्याआधी टाकी पार कोरडी करायचा, साखळीची कडी न कडी घासून ती तेलात बुडवून ठेवायचा. "पलटणीत ही शिस्तच हुती, मास्तर," एवढंच म्हणायचा.

खंडेनवमीला आळीने अवजारं पूजेला मांडली. त्याच्या आईने कौतुकाने करवतीच्या साखळीवर हळदकुंकू वाहिलं. आरती होताच तो सगळ्यांदेखत साखळी उतरवून रॉकेलने धुवायला बसला. बायका कुजबुजल्या. मलाही ते खटकलं.

पुढच्या वर्षी आईने कुंकवाची चिमूट उचलली, तेव्हा त्याने तेलाने काळे पडलेले दोन्ही हात तिच्यापुढे धरले.

"आये, साखळीत कुंकू बसलं की ती अडकतीया. हितं लाव. चालवत्यात तर ह्येच."

म्हातारीने ते हात विळ्या-नांगरांच्या ओळीत जमिनीवर ठेवायला लावले, कुंकू लावलं, आणि आरती त्यांच्यावरूनही ओवाळली.