सासूबाईंची कुलपं

माझ्या सासूबाई रहस्यकथा लिहितात आणि कुलपं जमवतात. दोन्हींचा घराला काडीचा उपयोग नाही, असं त्यांच्या मुलाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं मत. कुलपं भंगारवाल्याकडून येतात, किल्लीशिवाय. किल्ली असलेलं कुलूप त्या हातात धरत नाहीत. "त्यात काय गोष्ट?" म्हणतात. जेवणाच्या टेबलावर एकीकडे कागद, दुसरीकडे कुलूप आणि दातांत केसातला आकडा. स्वतःला जमलं नाही ते आपल्या गुप्तहेराला करायला लावायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे तो बिचारा एकेका तिजोरीसमोर महिनोन्‌महिने उकिडवा बसतो आणि प्रकाशक फोनवर रडतो.

किल्ली हरवली की शेजारीही यांनाच हाक मारतात. पैसे घेत नाहीत. फक्त कुलूप उघडेपर्यंत घरात कोणावर संशय आहे ते सांगावं लागतं. आमच्या जिन्यावरची निम्मी भांडणं त्यातूनच लागली.

परवा कुलपांची फळी नवऱ्याच्या पायावर कोसळली. अंगठा टम्म सुजला आणि कुलपं तात्पुरती अडगळीच्या खोलीत गेली.

"आई, बस झालं. रविवारी सगळं भंगारात."

"का रे?"

"का म्हणजे? गोष्टीतली थेरं नुसती. खरंच कोंडलं ना तुला, तर सुताराच्या नावाने गळा काढशील."

"कोंड," सासूबाई म्हणाल्या. "सुतार लागला तर कुलपं तुझी. माझी मी बाहेर आले, तर ती फळी तू ठोकायचीस. तुझ्या हातांनी."

त्या अडगळीच्या खोलीत गेल्या, आतून कडीला त्या खोलीचंच कुलूप लावलं आणि किल्ली खिडकीबाहेर भिरकावली. ती खाली शेजाऱ्यांच्या पत्र्यावर वाजलेली आम्ही ऐकली.

दुपार सरली. आतून खुटखुट, मग कुलपाला शिव्या. "मेल्या, तुझ्या बापाला उघडलंय मी!" मग टक्‌कन आवाज झाला. आकडा मोडला असावा. नवऱ्याने हसतहसत सुताराला बोलावून आणलं.

"आजी, एका फटक्यात काढतो," सुतार म्हणाला.

"दाराला हात लावलास तर पुढच्या कथेत तुझा खून होईल."

सुतार दोन पावलं मागे सरला. मी त्याच्या हातात चहा दिला आणि दाराशी वाकले.

"आई, द्या सोडून. कुलपंच तर आहेत."

आतली खुटखुट थांबली.

"सूनबाई, मी या घरात आले तेव्हा साखरेच्या डब्यालासुद्धा कुलूप होतं. किल्ली सासऱ्यांच्या कमरेला. माझं पहिलं कुलूप ते. कुलपंच तर आहेत, म्हणे!"

मी दारापासून सरळ झाले. तेवढ्यात आत धाडधाड सुरू झालं. भिंतीची माती पडली. दार बिजागऱ्यांच्या बाजूने आत कलंडलं आणि त्या फटीतून सासूबाई आडव्या होत बाहेर आल्या. केसांत जळमटं, एका हातात अडगळीतला मोडका चमचा, दुसऱ्या हातात त्यांचं सगळ्यांत दांडगं कुलूप. चमचा टेकवून कुलपाने ठोकत त्यांनी बिजागऱ्यांच्या खिळी पाडल्या होत्या. कडीचं कुलूप होतं तसंच बंद.

"ही लबाडी आहे," नवरा म्हणाला. "कुलूप उघडलंच नाही!"

"बाहेर यायचं ठरलं होतं. विचार त्याला."

सुताराने नवऱ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. पुढच्या कथेतला खून त्याच्या डोक्यात असावा. "आजी बाहेर आहेत, साहेब," तो म्हणाला.

रविवारी नवऱ्याने लंगडत फळी ठोकली. सासूबाई खुर्चीत बसून "जरा डावीकडे, अजून डावीकडे" करत होत्या. प्रकाशकाचा फोन आला. "गुप्तहेर निसटला, पण कुलूप उघडेपर्यंत पुढचं प्रकरण मिळणार नाही," असं त्यांनी त्याला ठणकावलं.

इतक्यात खालचे शेजारी पत्र्यावरची किल्ली घेऊन आले. नवऱ्याचा चेहरा उजळला. निदान दार तरी धड लागेल!

सासूबाईंनी किल्ली घेतली, शेजाऱ्यांचे आभार मानले, अडगळीच्या खोलीत गेल्या आणि ती त्याच खिडकीतून पुन्हा बाहेर फेकली.