कमानीला वळसा

"तमाम ग्रामस्थांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येते की, पाण्याच्या टाकीमागील बागेत काल काही शेळ्या शिरल्या व त्यांनी गुलाबाचे ताटवे खाल्ले. शेळीमालकांनी आपापल्या शेळ्या आवराव्यात. यापुढे बागेत शेळी दिसल्यास तिला कोंडवाड्यात घालण्यात येईल. हुकुमावरून."

मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यातून ही घोषणा झाली तेव्हा आमच्या गावात बाग नव्हती, गुलाब नव्हते, कोंडवाडा नव्हता. टाकीसुद्धा नव्हती. शेळ्या मात्र भरपूर होत्या. त्यामुळे दोन शेळीमालक तावातावानं देवळापाशी आले आणि आपल्या शेळ्या काल दिवसभर घरीच बांधलेल्या होत्या, असं शपथेवर सांगू लागले. समजाकाकांनी माइक खाली ठेवला, त्यांचं म्हणणं न्यायाधीशाच्या चेहऱ्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. मंग बाग राखाले कोन ठेवाचं, ते तुमीच सांगा." ते दोघे तिथंच बसून राखणदार ठरवू लागले. बाग नाही, हे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत टाकी कुठं हवी, यावर त्यांचं एकमत होऊन गेलं होतं.

भोंगा माझा. मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे माझा, मारेगाव तालुक्यातल्या निम्म्या लग्नांना मीच छप्पर दिलं आहे. पण काकांच्या हातात माइक गेला की तो मला परत मिळणं काकूंनी जेवायला हाक मारण्यावर अवलंबून असे.

काका एसटीत कंडक्टर होते. पांढरकवडा–मुकुटबन गाडीवर त्यांची उभी हयात गेली, आणि निवृत्तीनंतरही ते पाय फाकवूनच उभे राहत, जणू पुढच्या वळणावर जमीन कलंडणार आहे. त्यांचं प्रत्येक वाक्य 'समजा'नं सुरू होई, म्हणून ते समजाकाका. काकू सांगत, "लग्नाच्या बोलनीत यायनं माह्या बापाले म्हटलं, समजा मले सरकारी नोकरी लागली. माह्या बापानं तेवढ्यावर पोरगी देऊन टाकली."

त्या काळी आमच्याकडे ग्रामसभा म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुमच्याही गावात तीच तऱ्हा असेल. पंचायतीचा शिपाई घरोघर फिरे, जेवत असलेला माणूसही डाव्या हातानं रजिस्टरवर सही करी आणि सभा पार पडे. काका निवृत्त होऊन आले आणि त्यांनी हे बघितलं. मला म्हणाले, "मंडपवाल्या, लोकायले मांगता येत नाही, असं नाही. त्यायले दिसतच नाही तं मांगतीन काय?"

मग त्यांनी दिसायची सोय केली. ग्रामसभेआधी ते माझ्याकडून फक्कीची पोती नेत, कबड्डीची रेघ मारतो तीच पांढरी पूड. शाळेच्या ग्राउंडवर ते अख्खं गाव आखत. जे आहे त्याला एक रेघ, जे पाहिजे त्याला दोन. लोकांनी यायचं, आपल्याला बोलायचं असेल त्या जागेवर उभं राहायचं आणि तिथून बोलायचं. नियम एकच. 'होत नाही' असं जो म्हणेल, त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. आमचे माजी सरपंच गुलाबराव, दांडगे शेतकरी आणि दांडग्या आवाजाचे, त्यांना दुसरं काही म्हणताच येत नसे. त्यांच्या चहावर आमच्या गावातली लोकशाही बाळसेदार झाली, असं मी आजही म्हणतो.

गमती पुष्कळ झाल्या. फक्कीची नाली एकदा गुलाबरावांच्या चुलतभावाच्या ओट्याला खेटून गेली, तर दोन्ही घरं दिवाळीपर्यंत एकमेकांशी बोलली नाहीत. ती नाली संध्याकाळीच पोरांनी कबड्डी खेळून पुसून टाकली होती. पण एके दिवशी शांताबाई, जी चार माणसांत कधी तोंड उघडत नसे, पिठाच्या गिरणीच्या चौकोनात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "इथं लई अंधार राह्यते. दळन आनाले भेव लागते." बस, एवढंच. तिथं आम्ही सगळे रोज जात होतो, पण तो अंधार तिनं दाखवेपर्यंत कुणाला दिसला नव्हता. त्या सभेत गिरणीपाशी खांब मंजूर झाला, खरोखरचा दिवा लागला, आणि तेव्हापासून लोक ग्रामसभेला जत्रेसारखे येऊ लागले.

त्या जत्रेतच गुलाबरावांना कमान सुचली. "समजा," ते पहिल्यांदाच काकांच्या भाषेत बोलले, "समजा गावाच्या तोंडाशी एक स्वागत कमान पाह्यजे. वरतं दोन हत्ती." काकांना इतका आनंद झाला की त्यांनी पोतंभर फक्की त्या हत्तींवर खर्च केली. बाया-माणसं एकेक करून त्या कमानीखालून आत येऊ लागली. कुणी फोटो काढले. मी भोंग्यावर सनई लावली. काका मंदिरापासून आखत निघालेले, चौक ऐसपैस, बाजार ऐसपैस. नाल्यापर्यंत आले आणि ग्राउंड संपलं. पुढं कंपाउंडची भिंत. नाल्यापलीकडे कोलामांचा पोड आहे, पन्नासेक माणसांची वस्ती, आमच्याच पंचायतीतली. तो राहून गेला. राहून गेल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

रेशनला आलेली भीमबाई गेटपाशी उभी होती. पोडावरची म्हातारी, काकांच्या गाडीनं आयुष्यभर बाजार केलेली. काकांनी तिला हाक मारली, "भीमबाई, या न आत. तुमचं घर जिथी हाय तिथी जाऊन उभ्या राहा, अन् तिथून बोला."

तिनं चपला गेटबाहेर काढल्या. मंदिरावरून गेली, दुकानांवरून गेली, फक्कीचा नाला आला तेव्हा लुगडं जरा उचलून धरलं आणि ओलांडून पलीकडे गेली. पुढं भिंत होती. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

आम्ही हसलो. हो, सगळेच. कुणीतरी म्हणालं, "गाडी धडकली भीमबाईची." ती वळली, कुणाकडं न बघता गेटातून बाहेर गेली, आणि थोड्या वेळानं भिंतीपलीकडच्या तुरीत तिचं पदर घेतलेलं डोकं दिसलं. तिथून ती म्हणाली, "मी इथी हाव. आता बोलू काय?"

काका "समजा" म्हणाले आणि पुढचं त्यांना सापडेना.

"आमाले नाल्यावर रपटा पाह्यजे, ठेंगना पूल," भीमबाई म्हणाली. "पानी आलं का पोरं शाळेत येत नाहीत. मागच्या पावसात सुनेले खाटेवर आनली. पानी उतरेलोक खाट काठावरच होती. सून वाचली. लेकरू नाही वाचलं." तुरीचा भाव सांगावा, तसं सांगितलं तिनं.

गुलाबराव खाकरले आणि म्हणाले, "चला, सभेची वेळ झाली." टिनाच्या शेडखाली सभा बसली. त्या वर्षी पैशात एकच मोठं काम बसत होतं. कमानीसाठी हात वर झाले, ते शेडभर. रपट्यासाठी झाले ते इकडं एक, तिकडं दोन. ग्रामसेवकाची पाठ भिंतीकडं होती, त्यानं पुढ्यातले हात मोजले. काकांचं तोंड भिंतीकडं होतं. भिंतीवर एक हात वर आलेला होता, बांगड्यांचा. काकांनी तो पाहिला. 'मंजूर, मंजूर' असा गलका झाला आणि काका गप्प राहिले.

एका हातानं काय फरक पडणार होता? हे त्यांना मीही म्हणालो, गुलाबरावही म्हणाले, हिशेब बरोबरच होता. काका दुसऱ्या दिवशी माझ्या गोडाऊनवर आले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. म्हणाले, "साऱ्या नोकरीत मागच्या दाराले लटकलेला मानूस मोजल्याबिगर मी बेल मारली नाही. ड्रायव्हर शिव्या देत जाय, पन मी मोजो. अन् काल मले तो हात दिसला, तरी मी बेल मारू देली."

ते पोडावर गेले, भीमबाईची माफी मागायला. तिनं चहा केला, यांनी तो घेतला नाही. ती म्हणाली, "तुमी बलावलं तरी, काका. बाकीचे तं बलावतबी नाहीत." परत येताना ते आणखी खचून आले. "शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं रे," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी माइक मागितला नाही. बाग गेली, गुलाब गेले. भोंगा माझ्याकडं परत आला आणि मला त्याचं काय करावं ते कळेना.

कमान मात्र झाली. हत्तींसकट. उद्घाटनाचा मंडप माझाच होता. लाल-पांढरा कपडा, वर झालर, आणि मी स्वतः शिडीवर चढून ती झालर बांधली, हे मला कुणी विसरू देत नाही, मीही नाही.

काका उद्घाटनाला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मारेगावहून आले, फाट्यावर गाडीतून उतरले, कमानीपर्यंत चालत आले आणि तिथून डावीकडं वळले. शेताच्या धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, कुंपणाच्या काट्यांतून, ओहोळ ओलांडून घरी गेले. मग रोजच. काकू ओरडल्या, "पडसान बुढेपनी." आणि ते पडू नयेत म्हणून स्वतः त्यांच्या मागून धुऱ्यानं जाऊ लागल्या. मग शांताबाई. मग एक दिवस माझी मोटरसायकलही कमानीपाशी येऊन अडखळली आणि मी ती ढकलत काट्यांतून नेली. का, ते विचारू नका. कमानीखालून जाताना मान वर करता येत नसे, एवढंच.

वर्षभरात तिथं चांगली मळलेली पायवाट झाली. पाहुणे हत्तींखालून येत आणि गाव बाजूनं जाई. एका लग्नात नवरदेवाची घोडी कमानीपर्यंत वाजतगाजत आली आणि सवयीनं धुऱ्याकडं वळली. बँडवाले हत्तींखाली एकटेच वाजवत राहिले. मी काकांना म्हणालो, "काका, तुम्ही गावाला वळण लावलं." ते चिडले. "मी कोनाले कायी म्हटलं काय? माहे पाय तिकडून जातेत. तुमचे काहून जातेत, ते तुमच्या पायाले इचारा."

एकटे गुलाबराव कमानीखालून जात. जीप होती, धुऱ्यानं जाणार कशी? शिवाय हत्तींवर त्यांचा जीव. पुढच्या वर्षी ग्रामसभेत रपट्याचं निघालं तेव्हा त्यांनी उभं राहून विचारलं, "त्या एवढ्याशा पोडासाठी एवढा खर्च कायले?" आणि त्या पैशात सभागृहाचं बांधकाम मंजूर करून घेतलं. काका भिंतीला टेकून बसले होते. पाऊस आला, नाला भरला, पोडाची पोरं घरी बसली.

कापूस वेचणीच्या दिवसांत काका गेले. यवतमाळच्या दवाखान्यात. गाडी त्यांना घेऊन आली, ड्रायव्हर परगावचा, सरळ कमानीकडं निघाला. काकूंनी आतून काचेवर थाप मारली. गाडी थांबली. कुणी काही सांगितलं नाही, ठरवलं नाही. आम्ही त्यांना खाली घेतलं आणि धुऱ्यानं न्यायला लागलो. वाट अरुंद, एका वेळी चौघं मावत नव्हते, खांदेकरी धडपडत होते. तेवढ्यात जीपमधून उतरून गुलाबराव आले आणि डाव्या बाजूला खांदा दिला. त्या वाटेनं ते पहिल्यांदाच चालत होते. काटा रुतला असावा, कारण लंगडत होते, पण खांदा बदलू दिला नाही. घरापर्यंत त्यांनी कुणाच्या तोंडाकडं पाहिलं नाही.

त्या दिवसापासून त्यांची जीप फाट्यावर उभी दिसू लागली. आमचे माजी सरपंच, एवढा मोठा माणूस, धोतर सावरत, बाभळीला शिव्या घालत धुऱ्यानं घरी जात. कुणी समोरून आलं की, "पराटी पाहाले आलतो," म्हणत. ती कपाशी दुसऱ्यांची होती.

जानेवारीतल्या ग्रामसभेला ग्राउंडवर फक्की नव्हती. आखणार कोण? पण पोडावरची माणसं आली होती, शेडमध्ये पुढंच बसली होती, भीमबाई मधोमध. सरपंचताईंनी विचारलं, या वर्षी कोणतं काम घ्यायचं? मागून गुलाबराव उठले, टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, "रपटा घ्या."

सगळी सभा मागं वळली. सरपंचताई म्हणाल्या, "भाऊ, मागच्या वर्षी तं तुमीच नको म्हटलं होतं. आता काहून?"

"विकासाच्या दृष्टीनं," गुलाबरावांनी सुरुवात केली. "गावाच्या सर्वांगीण..." मग थांबले. भीमबाई त्यांच्याकडं बघत होती. सगळेच बघत होते. आणि तो दांडग्या आवाजाचा माणूस एकदम बोलून गेला, "मले माह्या कमानीखालून घरी जाऊ द्या न बा आता."