औषधाने उपास मोडतो का

माणूस गाव सोडतो तेव्हा आपले देवही मागे ठेवून जातो, आणि उरलेलं आयुष्य दोघांनाही शोधत राहतो. परगावी राहणाऱ्यांच्या मेळाव्यात हे वाक्य दरवर्षी कुणीतरी म्हणतं आणि टाळ्या पडतात. माझे देव सातवीतच सुटले होते. गाव सुटायला आणखी नऊ वर्षं लागली, कारण तोवर मला ग्रंथालयशास्त्र शिकायचं सुचलं नव्हतं, आणि सुचलं तेव्हा कळलं की ते देगलूरात शिकवत नाहीत.

निघाले त्या सकाळी दादाने ट्रंक बसच्या टपावर चढवली. आई म्हणाली, समोरच मारुती आहे, पाया पडून ये. मी म्हणाले, बस निघेल. आईने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि तो थांबलाही. पाच मिनिटं अख्खी बस माझ्या श्रद्धेची वाट पाहत उभी होती. मी जागेवरून उठले नाही. शेवटी आई एकटीच जाऊन आली. बाबा खिडकीपाशी आले आणि इतरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "तिकडं कुणी विचारलं तर गप राहायचं. नाही म्हणायलाच पाहिजे असं काही न्हाई." मला तेव्हा हा भित्रेपणा वाटला. बाबा सरकारी नोकर होते, एवढंच त्याचं स्पष्टीकरण मी स्वतःला दिलं.

तुमच्यातले जे देगलूरातच राहिले त्यांना पुढचं ऐकून माहीत आहे, आणि जे माझ्यासारखे निघून गेले त्यांना अनुभवाने. हैदराबादला अफझलगंजच्या बसस्टँडवर उतरले तेव्हा मला तेलुगू येत नव्हतं, आणि माझं हिंदी ऐकून रिक्षावाल्याने सहानुभूतीने भाडं कमी केलं. आता हिमायतनगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. नवरा वकील, तीन पिढ्या इथलाच मराठी. लग्न आम्ही रजिस्टर केलं. आमच्या घरात 'नको'ला 'नक्को' म्हणतात, आणि काही बिनसलं की सगळे 'परेशान' होतात. देव्हारा नाही. त्या जागी पुस्तकांचं कपाट आहे, आणि पाहुणे चप्पल काढून त्याच्याकडे जरा संशयाने बघतात.

गाव मात्र मला मोबाइलमध्ये परत मिळालं. 'शंकासमाधान' नावाचा एक ग्रुप आहे. देगलूर आणि आसपासची तीनेकशे माणसं त्यात आहेत, आणि निवृत्त मुख्याध्यापक वामन गुरुजी तो चालवतात. सोयरात मामेसासरे गेले तर सुतक किती, टूथपेस्टने उपास मोडतो का, पाल उजव्या खांद्यावर पडली पण डाव्या बाजूने उतरली तर फळ कोणतं धरायचं, असे प्रश्न दिवसभर येतात आणि गुरुजी निकाल देतात. आईनेच मला त्यात घालायला लावलं. मुलगी सुधारेल अशी तिला आशा होती. मी दोन वर्षं एक अक्षर न लिहिता वाचत राहिले. करमणूक होते म्हणून वाचते, असं नवऱ्याला सांगायचे. खरं तर 'जोंधळ्याची कणसं' आणि 'पहाटंच' असले शब्द लिहिणारी माणसं मला दुसरीकडे कुठे भेटत नव्हती.

गेल्या वर्षीच्या निर्जला एकादशीला करमणूक संपली. ज्येष्ठातला उकाडा, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही असा उपास. आईला बारा वर्षांपासून मधुमेह. तिने नेहमीप्रमाणे सकाळचं इंजेक्शन घेतलं, कारण डॉक्टरांचा मान राखायचा, आणि नंतर काही खाल्लं-प्यालं नाही, कारण एकादशीचा मान राखायचा. अकराच्या सुमाराला ती न्हाणीच्या दारात पडली. दादाने तोंडात साखर कोंबली, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. शुद्धीवर आल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती ही, की वहिनीच्या हातून फोन घेऊन ग्रुपवर विचारलं: बेशुद्धीत साखर पोटात गेली तर उपास मोडला का?

दोन दिवस चर्चा झाली. गुरुजींनी निकाल दिला की अजाणता घडल्यामुळे दोष अल्प आहे, तरी परिहारासाठी पुढची एकादशी अधिक कडक करावी.

तेव्हा मी पहिलं उत्तर लिहिलं. व्रतांवरचा एक जाडजूड संग्रह मी पूर्वी इथल्या कोठी बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतला होता, बांधणी सुंदर होती म्हणून. तो उघडला, आणि आजाऱ्याला व्रतात काय सवलत आहे ते खंड, पान, ओळ देऊन टाकलं. माझं स्वतःचं मत एका शब्दानेही लिहिलं नाही. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. आईने त्या महिन्यात साबुदाणा खाल्ला.

मग मी थांबायला हवं होतं. पण ग्रंथपालाला चुकीचा संदर्भ दिसला की हात आवरत नाही. वर्षभर मी उत्तरं देत राहिले, आणि आपल्या लोकांची एक गोड गैरसमजूत माझ्या कामी आली: जो पानाचा आकडा सांगतो तो श्रद्धाळूच असणार. लोक 'नंदाताईंना विचारा' म्हणू लागले. एका वृद्ध गृहस्थांनी फोन करून मला नमस्कार केला. मी तो उभं राहून घेतला, दुसरं काय करणार. याच काळात माझ्या लक्षात आलं की तिथे मी एकटी नाही. पुण्यातला एक बँकवाला आणि शारजातली एक डॉक्टर, दोघंही गावाबाहेर पडलेली, नेमकी उत्तरं देतात आणि कधी चुकूनही हात जोडत नाहीत. आम्ही एकमेकांना काही बोललो नाही.

यंदाची निर्जला जवळ आली तशी आईचं काय ठरलंय ते कळेना. दादाने विचारलं की ती विषय बदलायची. तीन दिवस आधी तिने ग्रुपवर प्रश्न टाकला: निर्जलेला औषध घेणाऱ्याने काय करावं? मी सविस्तर लिहिलं. पाणी, दूध, फळं, कंद, औषध यांनी व्रत मोडत नाही. आजाऱ्याने अन्न घ्यावं, खंड अमुक, पान तमुक. आईने ते वाचलं. ती गुरुजींच्या शिक्क्याची वाट पाहत होती.

शिक्का यायच्या ऐवजी आदल्या दिवशी सकाळी माधवराव आले. हे आमच्या गल्लीतले, त्यांचा मुलगा इथे नोकरीला आहे, त्यामुळे माझी माहिती त्यांना दोन्हीकडून मिळते. त्यांनी लिहिलं की या बाईंनी देव मानत नाही असं चारचौघांत सांगितलेलं आहे, लग्नात भटजी नव्हता, आणि वडील गेले तेव्हा चौथ्या दिवशी त्या हैदराबादला निघून गेल्या. अशा व्यक्तीने शास्त्र सांगावं काय?

सगळं खरं होतं. चौथ्या दिवशी मी गेले कारण माझी रजा संपली होती. विवाहित मुलीला आईवडिलांचं सुतक तीनच दिवस असतं, हे मला पुढे त्याच संग्रहात वाचायला मिळालं.

दुपारी गुरुजींचा संदेश आला. "ताई, आपली ईश्वरावर श्रद्धा आहे किंवा नाही, एवढंच सांगावे. त्यावर आपल्या उत्तराचा विचार करता येईल."

मी ग्रंथालयात पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलाशी होते. प्रवेशाचे दिवस, समोर फॉर्म घेतलेली मुलं. 'नाही' लिहिलं तर माझं उत्तर बाद, आणि उद्या सकाळी आई इंजेक्शन घेऊन कोरडी बसणार. 'हो' लिहिलं तर एका अक्षराचं काम होतं. दादाला फोन केला, लागला नाही. वहिनीने उचलला आणि हळू आवाजात सांगितलं की आई माठावर कापड बांधायलीय, उद्या कुणी पाणी द्यायला नको म्हणून. बाबांचं 'गप राहायचं' आठवलं. पण गप राहणं म्हणजे इथे 'नाही'च धरलं जाणार होतं.

आमचे शिपाई खालिदभाई पंचवीस वर्षं या ग्रंथालयात आहेत. त्यांनी मुलांना बाकावर बसवलं आणि विचारलं, "क्या हुआ मॅडम, परेशान दिख रै." मी थोडक्यात सांगितलं. ते म्हणाले, "बीमार कू तो रोजा माफ है. आपके यहाँ नक्को क्या?" मी म्हणाले, आमच्याकडेही माफ आहे, सांगणारा कोण आहे त्यावर अडलंय. त्यांनी मान डोलावली. हा प्रकार त्यांना नवा नसावा.

तीन वेळा 'हो' टाइप केलं आणि खोडलं. त्यात तत्त्व किती होतं आणि हट्ट किती, सांगता येणार नाही. शेवटी लिहिलं: "नाही, गुरुजी. माझी श्रद्धा नाही. पण पान तिथेच आहे, आपण उघडून बघावं. आई पडली होती." पाठवलं. मिनिटभराने स्क्रीनवर आलं की तुम्हाला या ग्रुपमधून काढण्यात आलं आहे.

तीनशे माणसं, आणि त्यांच्यात आई, एकदम दाराआड गेली. संध्याकाळी दादा फोनवर भेटला. म्हणाला, ती कुणाशीच बोलंना. पहाटेची बस धरायची ठरवलं. जाऊन काय करणार होते ते मला माहीत नव्हतं. बहुधा माठावरचं कापड काढलं असतं आणि भांडण झालं असतं.

बसमध्ये, झहीराबादच्या पुढे, वहिनीचा फोन आला. आई उठली होती. इंजेक्शन हातात घेऊन बसली होती, आणि ग्रुपवर गुरुजींचा निकाल आला होता. वहिनीने तो मला वाचून दाखवला. पाणी, दूध, फळं, कंद, औषध यांनी व्रत मोडत नाही. आजाऱ्याने अन्न घ्यावं. खंड, पान, सगळं माझंच, जसंच्या तसं. माझं नाव तेवढं नव्हतं. खाली गुरुजींची सही होती आणि सत्तर जणांनी हात जोडले होते. माधवरावही त्यात होते.

मी म्हणाले, आईला दे.

"कुठं हाईस?" आईने विचारलं. बसमध्ये, म्हणाले.

"कशाला यायलीस एवढ्या उन्हाचं? खाणार हाय मी. गुरुजींनी सांगितलंय." मग जरा थांबली. "तू हो म्हणाली असतीस ना नंदे, तर पानाचा आकडाबी खोटाच धरला असता मी."

एवढं सांगून तिने वहिनीला हाक मारली. फोन वहिनीकडे गेला.

त्या ग्रुपमध्ये मला अजून परत घेतलेलं नाही. शारजाच्या डॉक्टरबाई कधीकधी माझी उत्तरं मागवून स्वतःच्या नावाने टाकतात. घर म्हणजे काय, असं मेळाव्यात आता मला कुणी विचारलं तर मी सांगू शकेन: जिथे माझं म्हणणं चालतं आणि मी चालत नाही, ते माझं घर. तुमच्यातल्या पुष्कळांचं असंच असेल, आणि त्यावर टाळ्याही पडतील.

मी देगलूरला पोचले तेव्हा आई जेवायला बसली होती. तिने भगर खाल्ली, वर वाटीभर दही घेतलं, आणि वहिनीला सांगितलं की मीठ जास्त झालंय.