अण्णांच्या गुडघ्याएवढा

मी आमच्या घरातला कर्ता पुरुष आहे, असं माझं बरीच वर्षं मत होतं. घरात इतर कुणाचं तसं मत आहे की नाही, हे विचारायच्या भानगडीत मी पडलो नव्हतो. मग लेक सहावीत गेली, शाळेत प्राचीन इजिप्त सुरू झालं, आणि ज्या गोष्टी न विचारलेल्या बऱ्या असतात त्या मला रंगीत चित्रात बघायला मिळाल्या.

आम्ही तेव्हा ॲरिझोनातल्या चँडलरला राहत होतो. ऐंशीचं दशक. मी कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या कंपनीत होतो. दिवसभर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा डगला घालून धूळ नसलेल्या खोलीत बसायचं आणि संध्याकाळी बाहेर पडलं की वाळवंटातली सगळी धूळ एकदम खायची, असा दिनक्रम. बाईंनी वर्गाला प्रोजेक्ट दिला होता : इजिप्तमधल्या थडग्यांच्या भिंतींवर असतं तसं आपल्या कुटुंबाचं चित्र काढा, मात्र त्यांचे सगळे नियम पाळून. ज्यांची चित्रं जमतील ती ओपन हाऊसच्या, म्हणजे पालकांनी शाळा बघायला यायच्या, दिवशी शाळेच्या हॉलमध्ये लागणार होती. लेकीला काहीही करून त्या भिंतीवर जायचं होतं.

आता, आमच्या मराठी मंडळात मुलांचे प्रोजेक्ट बाप करत असत, हे अमेरिकेतल्या शाळांना अजूनही कळलं नसावं. एका सिव्हिलवाल्याच्या मुलानं आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल नेला होता, त्यावर त्याच्या बाई उभ्या राहिल्या तरी तो मोडला नाही. एका केमिकलवाल्याच्या मुलीच्या ज्वालामुखीनं सगळी शाळा मैदानावर आणली. मंडळाच्या पुढच्या पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं आपला पदार्थ आणायच्या जेवणाला, हे दोघे बाप हातात प्लेटा घेऊन आपापले मार्क सांगत होते. माझ्या विषयाचा प्रोजेक्ट काही लेकीला मिळत नव्हता. पण चित्र म्हणजे ड्रॉईंग, आणि इंजिनिअरिंग ड्रॉईंगमध्ये माझा एके काळी वर्गात पहिला नंबर होता. माझी वेळ आली होती.

लेकीनं मोठ्या कागदावर लाल पेन्सिलीनं चौकटी आखून ठेवल्या होत्या. पावलापासून केसांच्या रेषेपर्यंत अठरा चौकटी. गुडघा कितव्या चौकटीत, खांदा कितव्या, सगळं ठरलेलं. हे मला फार आवडलं. पण त्यावर काढलेला माणूस पाहिला आणि माझा जीव कळवळला. डोकं बाजूनं, त्यात डोळा समोरून. खांदे समोरून, पाय पुन्हा बाजूनं. आणि दोन्ही पावलांना अंगठा आपल्याच बाजूला, म्हणजे त्या माणसाला दोन डावे पाय. लेक दूध प्यायला आत गेली होती. मी खोडरबर घेतलं आणि माणसाचा एक पाय उजवा करून दिला.

ती परत आली आणि कागदाकडे बघत राहिली.

"बाबा, हू टच्ड धिस?"

"अगं, दोन्ही पायांना अंगठे एकाच बाजूला होते. नीट केलं."

"पण ते तसंच करायचं असतं! पाऊल सगळ्यात छान कुठून दिसतं? आतून, अंगठ्याच्या बाजूनं. मग दोन्ही आतूनच काढायची. डोळा समोरून छान दिसतो, नाक बाजूनं. ज्याचं जे छान, ते तिथून."

"पण असा माणूस उभा राहील का?"

"तीन हजार वर्षं उभाच आहे ना!"

आतून बायको हसल्याचा आवाज आला. तिला इतर काही ऐकू आलं नाही तरी माझी फजिती ऐकू येते.

मी पुन्हा कागदाकडे पाहिलं आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं. आमच्या ड्रॉईंगच्या सरांनी आम्हाला तेच शिकवलं होतं. समोरून एक, बाजूनं एक, वरून एक. फक्त आम्ही ते कागदाच्या तीन कोपऱ्यांत काढत होतो आणि या लोकांनी ते एकाच माणसात बसवलं होतं. म्हणजे नापास तेही नव्हते आणि मीही नव्हतो. असं स्वतःचं समाधान करून मी तो पाय पुन्हा डावा केला.

रंगाचे नियमही पक्के होते. पुरुष विटकरी, कारण ते बाहेर उन्हात. बायका पिवळसर, कारण त्या घरात सावलीत. आमच्याकडे बायको ॲरिझोनाच्या उन्हात जुनी गाडी घेऊन कम्युनिटी कॉलेजात शिकवायला जायची, त्या गाडीचा एसी तिच्या आशेवर चालायचा. मी वर्षानुवर्षं डगल्यात असल्यामुळे मुळ्यासारखा पांढरा झालो होतो. लेकीनं आम्हा दोघांकडे पाहिलं, दोन्ही रंगांच्या बाटल्यांकडे पाहिलं, आणि सुस्कारा टाकून म्हणाली, "रूल इज रूल." मला विटकरी बाटलीचा आधार वाटला.

खरा प्रश्न पुढे होता. इजिप्तच्या चित्रात माणूस जवळ आहे म्हणून मोठा आणि लांब आहे म्हणून लहान, असं नसतं. जो महत्त्वाचा तो मोठा. बाकीचे आपापल्या लायकीप्रमाणे, कुणी कमरेएवढे, कुणी गुडघ्याएवढे. हे ऐकल्यावर त्या आठवड्यात आमच्या घरातलं वातावरण एकदम प्रेमळ झालं. मी लेकीला विनाकारण आइस्क्रीमच्या दुकानात नेलं आणि येताना सहज विषय काढला, की घराचा हप्ता भरणारा माणूस साधारण किती मोठा असावा. बायकोनं लेकीसाठी तिनं न मागितलेला स्वेटर ऐन उकाड्यात विणायला घेतला. आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली माझी आई तिला म्हणाली, "मला काय गं, काढ कुठेही कोपऱ्यात. म्हातारं माणूस." आईच्या तोंडचं 'कोपऱ्यात' किती मोठं असतं, हे ज्याला आई आहे त्याला सांगायला नको.

शेवटी मीच जेवताना सरळ विचारलं, "मग, मोठं कोण?"

"मी," लेक म्हणाली.

"तू?"

"ज्याचं थडगं तो मोठा. माझा प्रोजेक्ट आहे, सो इट्स माय टूम. मी मधे, आणि तुम्ही सगळे माझ्यासाठी जेवण घेऊन येताय."

आईचा घास हातातच राहिला. तोवर हे सगळं ती नुसतं चित्र समजत होती.

"थडगं? कुणाचं थडगं?"

मी समजावलं, की आई, तो शाळेचा अभ्यास आहे. तिनं ऐकून घेतलं नाही. "जिवंत पोरीला थडग्यावर काढायची? आणि तिच्यापुढे अन्न मांडायचं? कावळे तेवढे राहिलेत. ते चित्र ह्या घरात होणार नाही, सांगून ठेवते." आणि ती ताटावरून उठली. भात तसाच होता.

"अहो, बघा ना जरा," बायको मला म्हणाली. एरवी ती मला 'अरे' म्हणते. आई आली की सहा महिने मी 'अहो' असतो, आणि माझ्या मोठेपणाचा तेवढाच काय तो पुरावा. पण मी काय बघणार? लेक डोळ्यांत पाणी आणून चौकटींचा कागद गुंडाळत होती. ओपन हाऊस पुढच्या शुक्रवारी. तिला आजीला दुखवायचं नव्हतं आणि भिंतही सोडायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या. कागद पुन्हा उलगडलेला. आई म्हणत होती, "काढायचंच तर जे गेलेत त्यांचं काढ. त्यांना काय त्याचं. तुझ्या आजोबांचं काढ."

अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी इथून पोचलो तेव्हा तेराव्याची तयारी चालली होती. लेकीनं त्यांना फार लहानपणी एकदाच पाहिलं होतं.

"मग त्यांना काय खायला आवडायचं?" तिनं विचारलं. "कारण चित्रात जे काढतो ना, ते त्यांना तिथे खरोखर मिळतं. एव्हरी डे. फॉरएव्हर."

"रोज?"

"रोज."

अण्णांना मधुमेह होता. शेवटची कित्येक वर्षं आईनं त्यांच्यापासून साखरेचा डबा लपवला होता. दिवाळीत ते लाडवांच्या खोलीबाहेर काहीतरी शोधल्यासारखं करत हिंडायचे आणि ती दारात उभी राहायची. मग ती म्हणाली,

"बेसनाचे लाडू काढ. मोठे काढ. आता काय व्हायचंय त्यांना."

त्यानंतर तिला थांबवणं कुणाला शक्य नव्हतं. लेकीनं टेबल बाजूनं काढलं, पण त्यावरचं ताट वरून, कारण ताट वरून छान दिसतं. पाण्याचा तांब्या बाजूनं. आणि ताटात तिनं चटणी उजवीकडे काढल्याबरोबर आई ओरडली. "उजवीकडे भाजी! चटणी, कोशिंबीर, लिंबू डावीकडे. मीठ वर मधे. असं वाढलं तर ते जेवायचे नाहीत." लेक माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, की आजीचे रूल इजिप्तपेक्षा स्ट्रिक्ट आहेत. पण तिनं खोडलं आणि नीट काढलं. नियम पाळणारं माणूस तिला भेटलं होतं.

घोडं अडलं ते चेहऱ्यावर. चेहरा बाजूनं पाहिजे, आणि आमच्याकडचे अण्णांचे सगळे फोटो समोरून. लग्नातला समोरून, पासपोर्टचा समोरून, निवृत्तीचा हार घातलेला समोरून. मी म्हटलं, काढतो मी, माझे वडील आहेत. पेन्सिल टेकवली आणि हात हलेना. ज्या माणसाच्या समोर मी वीस वर्षं मान खाली घालून उभा राहिलो, त्याचं नाक बाजूनं कसं होतं ते मला आठवत नव्हतं. मी एक सरळ, रुबाबदार नाक काढलं.

"हे कुणाचं?" आई म्हणाली. "हे तुझ्या साहेबाचं असेल. ह्यांच्या नाकाला मधे उंचवटा होता."

"तुला नक्की आठवतंय?"

"मी त्यांना समोरून बघितलंय कधी? पानात वाढताना बाजूनं. सिनेमाला बाजूनं. पूजेला शेजारी. चाळीस वर्षं एकच बाजू, ती आठवणार नाही?" मग तिनं लेकीची हनुवटी धरून तिचा चेहरा खिडकीकडे वळवला. "हे बघ. हे इथे आहे, आणि तू कागदावर शोधतोयस."

बायकोनं कपाटातून स्लाईड प्रोजेक्टर काढला. एरवी त्याच्यावर आम्ही पाहुण्यांना ग्रँड कॅन्यन दाखवून लवकर घरी पाठवत असू. त्याच्या उजेडात लेकीला स्टुलावर बसवलं, भिंतीवर कागद लावला, आणि तिच्या सावलीच्या कडेनं मी पेन्सिल फिरवू लागलो. आई मागून सांगत होती. "कपाळ जरा मागे घे. हनुवटी पुढे. ओठ घट्ट, ते कमी बोलायचे. हां. उंचवटा राहू दे. तो तिचाच राहू दे." शेवटी सावली बाजूला झाली, दिवा लागला, आणि भिंतीवर अण्णा होते. आई म्हणाली, "चहा टाकते," आणि आत गेली. चहा यायला त्या दिवशी बराच वेळ लागला.

असे अण्णा सगळ्यात मोठे झाले, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार उरली नाही. आई त्यांच्या शेजारी, जवळजवळ तेवढीच, पिवळ्या रंगात. बायको हातात पुस्तकं घेऊन, त्यांच्या कमरेएवढी. लेकीनं स्वतःला ताट घेऊन येणाऱ्यांत सगळ्यात पुढे ठेवलं. मी म्हटलं, आणि मी?

"तुम्ही त्यांचा मुलगा ना? मग तुम्ही इथे." तिनं अण्णांच्या पायाशी बोट ठेवलं. मुलगा नेहमी बापाच्या गुडघ्याएवढा. त्याचं वय कितीही असो. आणि मूल आहे हे कळावं म्हणून डोक्याच्या एका बाजूला शेंडी, एक बोट तोंडात, आणि अंगावर कपडे नाहीत.

"कपडे नाहीत?"

"रूल आहे."

मी बायकोकडे पाहिलं. ती स्वेटर विणत होती, पण सुया हलत नव्हत्या, खांदे हलत होते. बाई शाळेत नागडं चित्र लावू देणार नाहीत, असा मुद्दा मी काढला तेव्हा लेक जरा विचारात पडली, आणि तिनं माझ्या गळ्यात माझा कंपनीचा बॅज घातला. दोरी पुरेशी लांब ठेवून.

चित्र भिंतीवर लागलं. ओपन हाऊसला सिव्हिलवाले सहकुटुंब आले होते. ते बराच वेळ वाकून खाली बघत होते.

"यार, हा तू? मी बॅजवरून ओळखला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "छान काढलं आहेस हं."

"मी नाही काढलं," मी म्हणालो. पुलवाल्या माणसाला हे पटणं शक्य नव्हतं.

आई जरीकाठाची साडी नेसून आली होती. मी कॅमेरा काढला आणि तिला चित्राजवळ उभं राहायला सांगितलं. ती बरोबर अण्णांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "आई, इकडे बघ," मी म्हटलं. "आई, कॅमेऱ्याकडे." ती ताटाकडे बघत होती, मग अण्णांकडे. मी दोनतीनदा हाक मारली, आणि शेवटी तसाच फोटो घेतला.

आईचा बाजूनं काढलेला आमच्याकडे तो एकच फोटो आहे. त्यात आई आहे, अण्णा आहेत, लाडू आहेत. मीही आहे, तळाला, तोंडात बोट घालून.